सिनेमातलं लग्न आणि भिमाजी ओव्हाळ

घोरावाडीच्या भिमाजी ओव्हाळांना कुणी अभिनेता म्हटलं की ते चिडतात. उगाच वरवर नाही, मनापासून चिडतात. "मी काय सोंग काढलं व्हय रं?" असं तोंडावर विचारतात. पुण्याच्या एका पेपरात 'या अनोळखी अभिनेत्याचा संयम थक्क करणारा आहे' असं त्यांच्याविषयी छापून आलं, त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी, बोंबलाचं कालवण केलं होतं. त्यांनी ताट दोनदा गरम केलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "पेपरवाल्याचा राग माझ्या कालवणावर कशापायी?"

तसं भिमाजींचं म्हणणं खोटं नव्हतं. सिनेमात ते जे काम करताना दिसतात, तेच ते गेली कित्येक वर्षं मावळात करत आलेत. नोकरी रेल्वेत, गेटमन म्हणून झाली. फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. पण लोक त्यांना ओळखायचे ते बौद्धाचार्य म्हणून. लग्न, नामकरण, मयतानंतरचं पुण्यानुमोदन, कुठलाही विधी असो, घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंतच्या वस्त्यांमध्ये निरोप यायचा, "भाऊंना बोलवा." मग पांढरा शर्ट, पांढरी विजार, पायात साध्या चपला आणि लोकलने प्रवास.

आणि माणूस कडक बरं का! डीजे वाजत असेल तर भिमाजी मंडपाबाहेर उभे राहायचे. डीजे बंद झाला की मगच आत. एका नवरदेवाच्या तोंडात गुटखा होता, त्याला त्यांनी स्टेजवरून उतरवून नळावर पाठवलं आणि तो चूळ भरून येईपर्यंत साऱ्या वऱ्हाडाला ताटकळत ठेवलं. पण त्यांचा खरा कडकपणा दिसायचा तो प्रतिज्ञांच्या वेळी. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लागते, त्रिसरण पंचशील होतं आणि मग नवरा पाच प्रतिज्ञा घेतो, नवरी पाच घेते. मान ठेवीन, विश्वासघात करणार नाही, घर सांभाळीन, अशा. कुणी ओठांतल्या ओठांत पुटपुटलं की भिमाजी थांबायचे. "परत म्हण. हे माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी हाय." नवरदेवाच्या कपाळावर घाम यायचा. पोरं मागं बसून हसायची. भिमाजींना त्याचं काही नव्हतं.

तर अशा माणसाच्या दारात एके दिवशी अनघा नावाची पुण्याची मुलगी आली. मित्रमंडळींना गळ घालून, इकडून तिकडून जुळवाजुळव करून ती सिनेमा काढत होती. नाव होतं 'घोरावाडीला थांबते का?' गोष्ट साधी. चुकीच्या लोकलमध्ये बसलेला एक मुलगा घोरावाडीला उतरतो, बाकड्यावर बसलेल्या मुलीला परतीची गाडी विचारतो, ती त्याला मुद्दाम चुकीची गाडी सांगते, आणि मग हे असं पुन्हा पुन्हा होत राहतं. भांडणं, रुसवे, गैरसमज आणि शेवटी लग्न. सिनेमातल्या मुलीचं घर ह्याच वस्तीतलं दाखवलेलं, म्हणून लग्नही इथल्याच विहारात, इथल्याच पद्धतीनं.

"आबा, लग्न तुम्हीच लावायचं," अनघा म्हणाली. "मला नट नको. खरं वाटलं पाहिजे."

"खरं वाटायला पायजेल म्हंजे खरं न्हाई," भिमाजी म्हणाले.

"सिनेमाच आहे हो आबा."

भिमाजींनी दोन दिवस विचार केला. विहार वस्तीचा, मूर्ती खरी, बाबासाहेबांचा फोटो खरा. मुलगी चांगली होती, वस्तीतल्या बायकांनाही तिने पडद्यावर घेतलं होतं, आणि आपल्या घरचं लग्न सिनेमात दिसणार म्हणून वस्ती नुसती हुरळून गेली होती. बाकी सिनेमावाल्यांना मावळातलं धरण दिसतं, धबधबा दिसतो, आमची लग्नं कुठं दिसतात, असं विठाबाईच म्हणाल्या. भिमाजी हो म्हणाले. मात्र अट घातली. वंदना करीन, हार घालायला लावीन, फुलं टाकायला लावीन. प्रतिज्ञा तेवढ्या होणार नाहीत.

अनघा गडबडली. "पण तोच तर सीन आहे!"

"आसंल. ही दोघं उद्या आपापल्या घरी जाणार. मूर्तीपुढं उभं राहून, एवढ्या लोकांत, जन्मभर साथ देतो म्हणून बोलणार आन् संध्याकाळी मेकप पुसणार. मी न्हाई बोलायला लावणार बाई."

शूटिंगच्या दिवसापर्यंत हा वाद मिटला नाही. विहारात सगळे उभे. बाहेर ऊन उतरायला लागलेलं, कॅमेरावाला घाई करतोय. नायकाचं काम करणारा पवन आणि नायिका झालेली मानसी पांढऱ्या कपड्यांत घामाघूम झालेले. मानसीने तर पाचही प्रतिज्ञा रात्रभर घोकून पाठ केल्या होत्या. ती बिचारी हिरमुसली. शेवटी अनघा म्हणाली, "बरं आबा, तेवढा वेळ नुसते उभे राहा. आवाजाचं नंतर बघू."

मग तसंच झालं. भिमाजी दोघांसमोर उभे राहिले. तोंड मिटलेलं. मनातल्या मनात त्यांनी दहाही प्रतिज्ञा म्हटल्या, कारण विधीत रिकामी जागा सोडायची त्यांना सवय नव्हती. तेवढा वेळ ती दोघं एकमेकांकडं बघत राहिली. पवनला हसू आवरेना म्हणून त्याने ओठ दाबून धरले. मानसीच्या डोळ्यांत उदबत्तीचा धूर गेला आणि पाणी आलं. मधेच एक लोकल भोंगा वाजवत गेली. मग हार घातले, फुलं पडली, अनघा 'कट' म्हणाली आणि सगळे चहाला गेले.

आवाजाचं नंतर काही झालं नाही. सिनेमा जोडायला बसल्यावर अनघाला ती शांतता आवडली, तिने ती तशीच ठेवली. इथवर ठीक होतं. पण सिनेमा लागला आणि समीक्षकांच्या हाती पडला.

आता बघा गंमत. पहिल्या पेपराने लिहिलं, की पूर्वार्ध स्टेशनच्या बाकड्यावरून उठायला तयार नाही, विनोद ओढूनताणून आणलेत, गाणी नसती तरी चाललं असतं, पण शेवटच्या लग्नात दिग्दर्शिकेने शपथेच्या जागी जे मौन ठेवलं आहे त्यासाठी सगळे गुन्हे माफ. दुसऱ्याने मानसीच्या अश्रूवर अख्खा परिच्छेद खर्च केला. पवनच्या दाबलेल्या ओठांत त्याला पुरुषाची शरणागती दिसली. इंग्रजी पेपरातलं भिमाजींची नात चैताली हिने वाचून सांगितलं: लोकलचा भोंगा म्हणजे म्हणे बाहेरच्या जगाने दिलेली साक्ष. "कुणाची साक्ष?" विठाबाईंनी विचारलं. "लोकलची, आज्जी." "तिला काय कळतंय?" असं म्हणून विठाबाई भांडी घासायला गेल्या. यूट्यूबवर परीक्षणं करणारा एक पोरगा मात्र वेगळंच बोलला. त्याच्या मते एडिटरने शेवट झोपेत कापला होता आणि लग्न लावणारे काका आपलं वाक्य विसरले होते, हे शेंबडं पोरही सांगेल.

मोठ्या पेपरांचं कौतुक पुण्यात राहिलं. मावळात फिरला तो ह्या पोराचा व्हिडिओ. मोबाइलवरून मोबाइलवर, वडगाव, कामशेत, आंबी, सगळीकडं. भिमाजी ओव्हाळ प्रतिज्ञा विसरले! ज्यांना त्यांनी स्टेजवर घाम फोडला होता, त्यांना तर आयतं कोलीत मिळालं. कामशेतचा एक जण बायकोशी भांडून भिमाजींच्या दारात आला आणि दात काढत म्हणाला, "भाऊ, आमच्या टायमाला विधी पुरा झालता का? न्हाय म्हंजे, काय सुटलं आसंल तर मी मोकळा."

"तुझ्याकडनं दोनदा म्हणून घेतल्यात," भिमाजी म्हणाले. "तू दुप्पट बांधलेला हाईस. चल घरी."

थट्टा त्यांनी पचवली. पचली नाही ती वडगावची गोष्ट. चैताली, त्यांच्या मुलाची मुलगी, आंबीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. वडगावच्या भिकाजी रोकड्यांच्या सुरजशी तिचं लग्न ठरलं होतं. तिचं लग्न आपण लावायचं, हे भिमाजींनी ती पाळण्यात असल्यापासून धरून ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या पोरींना उभं करता करता त्यांनी कितीदा तरी मनात तिला तिथं उभं बघितलं होतं. आणि एका रविवारी भिकाजी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. लग्न पिंपरीच्या साळव्यांकडनं लावून घ्यावं म्हंतो. तुमी आजोबा म्हणून पुढं बसा, मानानं. आमच्या भावकीत बोलनं चाललंय."

"मी विसरलो न्हाई, पाव्हणं. मी मुद्दाम घेऊ दिल्या न्हाईत."

भिकाजी तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. कागदावर आहे तेच खरं मानणारा माणूस. त्यांनी खिशातून पेपराचं कात्रण काढलं. "हितं तर लिवलंय, ती त्या बाईंची कल्पना. म्हंजे एकतर तुमी विसरला, न्हाईतर त्यांनी सांगितलं तसं केलं. तुमी अडवलं म्हणून कुणीच लिवल्यालं न्हाई."

ज्याने ते केलं त्याचंच कुणी नाव घेतलं नव्हतं. भिमाजींना त्या रात्री झोप लागली नाही. अनघा ठिकठिकाणी मुलाखती देत होती आणि हे कसं सुचलं, असं विचारलं की नुसती हसत होती. तिने खोटं सांगितलं नव्हतं, खरंही सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. लोणावळ्याला एका मंडळाने सिनेमा दाखवायचं ठरवलं होतं, नंतर चर्चा, पुण्याहून तो पहिल्या पेपरातला समीक्षक येणार. "आबा, तुम्ही आलंच पाहिजे." भिमाजींनी भिकाजींना फोन लावला. "पाव्हणं, तुमी बी चला. माझ्या तोंडचं ऐकू नका, तिच्या तोंडून ऐका. ती म्हणंल तसं लग्न लावू."

घोरावाडीला भिमाजी, विठाबाई आणि चैताली गाडीत बसले, वडगावला भिकाजी चढले. विठाबाईंनी शेंगा आणल्या होत्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या.

सिनेमा संपला. समीक्षक उंच, सभ्य, मऊ आवाजाचा माणूस होता. तो त्या मौनाबद्दल बराच वेळ बोलला, चांगलं बोलला, आणि मग त्याने अनघाला विचारलं, "इतका धाडसी निर्णय तुम्हाला सुचला कसा?"

अनघाने माइक हातात घेतला. तिची नजर भिमाजी बसले होते त्या तिसऱ्या रांगेवर गेली. साऱ्या सिनेमात लोकांनी वाखाणलेली गोष्ट ही एकच, आणि तीही हातची गेली तर ह्या पोरीकडं राहणार काय, हे त्यांनाही कळत होतं. कुठल्या तोंडानं तिच्याकडून अपेक्षा करायची, असं वाटून त्यांनी मान खाली घातली.

"मला सुचला नाही," अनघा म्हणाली. "मला तर प्रतिज्ञा हव्या होत्या. मी त्यासाठी हट्ट केला, चिडचिडही केली. आबांनी ऐकलं नाही. खोट्या लग्नात खरी शपथ घ्यायला लावणार नाही म्हणाले. आणि मी हे इतके दिवस सांगितलं नाही, कारण मला कौतुक आवडत होतं."

टाळ्या पडल्या. समीक्षक क्षणभर ओशाळला, मग तोही हसला आणि ही तर त्याहून मोठी गोष्ट असं म्हणाला. समीक्षकच तो. भिमाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भिकाजींकडं बघितलं, तर भिकाजी उभे राहिलेले.

"मला बोलायचंय," ते म्हणाले. "बाईंचं पटलं. भाऊ विसरले न्हाईत, माझी चूक झाली. पन मला सांगा भाऊ, प्रतिज्ञा खोट्या लग्नात चालत न्हाईत, मंग वंदना कशी चालली? त्रिसरण कसं चाललं? त्ये काय स्वस्त हाय व्हय?"

सभागृहात कुजबूज झाली. भिमाजी उठले. त्यांना माइक दिला तो त्यांनी हातात नुसता धरला, बोलले मोठ्यानेच. "वंदना मी केली, ती खरीच केली. माझ्याकडून त्यात काई खोट न्हाई. शपथ त्या पोरांना घ्यायची होती, ती त्यांची खोटी झाली असती. मी असा हिशेब धरला." भिकाजींचा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. "पन तुमी म्हंता त्यात तथ्य हाय. माझ्यामागं ती पोरं बी वंदना म्हणत होती, आन् ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणत होती. ते मी चालवून घेतलं. आपलं लग्न पडद्यावर दिसंल ह्या हौसेपायी चालवून घेतलं. तेवढी चूक माझी. लावा पाव्हणं, लग्न साळव्यांकडनं लावा."

आणि ते बसले. भिकाजींना जिंकल्याचा आनंद झाला नाही. ते पण बसले, घसा खाकरत.

स्टेशनवर गाडीची वाट बघत चौघं एका बाकड्यावर बसले. विठाबाई फणफणत होत्या, कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "बरं मंग," भिकाजी हळू आवाजात म्हणाले, "साळव्यांना उद्या फोन करतो."

"मामा," चैताली म्हणाली. होणाऱ्या सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि आजवर त्यांच्यापुढं कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "तुमचं दोघांचं झालं का? लग्न कुणाचं आहे? आबांनी चूक केली, भर सभेत कबूल केली. पण ज्या माणसानं सिनेमातल्या पोरीला खोटी शपथ घेऊ दिली न्हाई, त्याच्यासमोर उभं राहून माझी हिंमत होईल का खोटं बोलायची? मला असंच कुणीतरी समोर पायजे. दुसऱ्यासमोर मी पाठ केल्यासारखं म्हणून टाकीन आणि फोटो काढायला जाईन. सुरजचंही हेच म्हणणं आहे. विचारा त्याला."

भिकाजी बाकड्यावरून उठले. मग भिमाजींना म्हणाले, "परत सिनेमात काम करनार का?"

"कानाला खडा."

"मंग लावा लग्न," भिकाजी म्हणाले. "पन भावकीला मीच सांगनार, तुमी मधी बोलायचं न्हाई."

लग्न वडगावला झालं. अनघा आली होती, पंगतीत वाढायला लागली. डीजे मुळातच ठरवला नव्हता. भिमाजींनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, मेणबत्ती लावली, वंदना झाली. सुरजने पाचही प्रतिज्ञा खणखणीत आवाजात घेतल्या, त्याला कुठं थांबवावं लागलं नाही. भिमाजी खुशीत होते. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते समोर घडत होतं.

मग ते चैतालीकडं वळले. पांढरी साडी, हातात हार, नजर थेट त्यांच्यावर. पहिली प्रतिज्ञा त्यांच्या ओठांवर आली आणि तिथंच राहिली. हे ती मनापासून बोलणार. तिने बोलायचं आणि ते तसंच व्हायचं, तिचं घर आता वडगावला, तिचं सुखदुःख सुरजच्या गाठी, आणि संध्याकाळी ती घोरावाडीला परत यायची नाही. हा मान आपल्याला मिळावा म्हणून भांडताना, झुरताना हे एवढंसं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोक वाट बघत होते. भिकाजी पुढं वाकले. विठाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चैते," भिमाजी म्हणाले, आणि हा प्रश्न त्यांनी आजवर कुठल्या नवरीला विचारला नव्हता. "मनात हाय ना तुझ्या? नसंल तर अजून बी सांग."

"आहे, आबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा, मी मागून म्हणते."

भिमाजींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि प्रतिज्ञा सांगायला सुरुवात केली.